पाहिजेत : दोन व्यसनी, अनुभवाची अट नाही

कोणत्याही संस्थेला प्रगती करायची असेल, तर तिची अधोगती आधी नीट नोंदवून ठेवलेली असावी लागते. हे साधं सत्य आमच्या शाळेच्या ध्यानात यायला एक वर्ष उशीर झाला. त्याचा परिणाम म्हणून नववीत असताना, ब्याण्णव टक्के हजेरी आणि सुवाच्य अक्षर यांच्या जोरावर, माझी व्यसनी म्हणून नेमणूक झाली.

पण क्रमाने सांगते. अहवाल क्रमानेच लिहायचा असतो.

मागच्या वर्षी शिक्षण खात्याचं पत्र आलं, की विद्यार्थ्यांमधल्या तंबाखूसेवनाचं सर्वेक्षण करून आकडा कळवावा. काम पीटीच्या सरांकडे गेलं, कारण शाळेतली सगळी शास्त्रीय कामं त्यांच्याकडेच जातात (शिट्टी त्यांच्याकडे असते). सरांनी सहाशे बारा विद्यार्थ्यांना मैदानावर रांगेत उभं केलं, शेजारी मुख्याध्यापिका बाईंना उभं केलं, शिट्टी फुंकली आणि विचारलं, "जो कोणी तंबाखू ओढतो, खातो किंवा हुंगतो, त्याने एक पाऊल पुढे यावं!"

कोणी आलं नाही. पाचवीतला एक जण आला, पण त्याला शू लागली होती, म्हणून त्याला आकडेवारीतून वगळण्यात आलं. पाहणी शंभर टक्के विद्यार्थ्यांची, लागलेला वेळ चार मिनिटं, व्यसनी शून्य. भल्याभल्या तज्ज्ञांना जे वर्षानुवर्षं जमत नाही, ते आमच्याकडे पहिला तास सुरू व्हायच्या आत उरकलं होतं.

आणि मग यंदा दुसरं पत्र आलं. व्यसनमुक्तीत उत्तम काम करणाऱ्या शाळेला ढाल मिळणार. अट एकच: तंबाखू सेवन करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संख्येत मागच्या वर्षीपेक्षा किमान पन्नास टक्के घट.

बाईंनी ताबडतोब बैठक बोलावली. (त्या बैठकीला मी हजर होते. मी वर्गप्रतिनिधी आहे, आणि शिवाय इतिवृत्त लिहायला सुवाच्य अक्षर लागतं.)

"शून्याचं निम्मं किती होतं?" बाईंनी गणिताच्या सरांना विचारलं.

"शून्य."

"मग झालं की निम्मं! लिहून टाका."

"बाई, घट दिसायला हवी. शून्यातून घट होत नाही."

"सर, तुम्ही फार नकारात्मक बोलता बुवा."

गणिताच्या सरांनी फळ्यावर ते सिद्ध करून दाखवलं. बाईंनी सिद्धता पुन्हा तपासायला सांगितली. दुसऱ्यांदाही तेच आलं. सहाशे बारा मुलं असलेल्या एवढ्या मोठ्या शाळेत सुधारायला एक माणूस नसावा, या विचाराने बाईंचे डोळे पाणावले.

तोडगा पीटीच्या सरांनी काढला. मागच्या वर्षी नजरचुकीने दोन व्यसनी मोजायचे राहून गेले, असं दुरुस्तीपत्र खात्याला पाठवायचं. त्यातल्या एकाने यंदा समारंभात, खात्याच्या साहेबांसमोर, व्यसन सोडायचं. दोनाचा एक झाला की घट पन्नास टक्के.

"आणि दुसऱ्याचं काय?" गणिताचे सर म्हणाले.

"तो पुढच्या वर्षासाठी राखीव."

दूरदृष्टी म्हणतात ती हीच!

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला. पात्रता अशी: हजेरी किमान पंचाहत्तर टक्के. उच्चार स्पष्ट. गणवेश इस्त्रीचा. पालक मिळूनमिसळून वागणारे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उमेदवाराला प्रत्यक्ष व्यसन नसावं. ही शेवटची अट मला आधी चमत्कारिक वाटली होती, पण विचार केल्यावर पटली. खऱ्या व्यसनी माणसाचा काय भरवसा? ठरलेल्या दिवशी, अकरा वाजून वीस मिनिटांनी, तो सोडेलच याची हमी कोण देणार?

दोन जागांसाठी एकतीस अर्ज आले. मुलाखतीत मला विचारलं, काय ओढतेस? मी खात्याच्या फॉर्मवरचे चारही पर्याय बघितले (सिगारेट, चिरूट, पाइप, तपकीर) आणि चिरूट म्हणाले, कारण तो शब्द भारदस्त वाटला. चिरूट म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. समितीलाही नव्हतं, त्यामुळे उलटतपासणी झाली नाही. वर्गात नंतर विचारून पाहिलं, तर चिरूट हा पक्षी आहे असं अकरा जणांचं मत पडलं. राखीव जागा वाचनालय सांभाळणाऱ्या चष्मिष मुलाला मिळाली. तो तपकीर ओढतो असं ठरलं. त्याला सर्दी होतीच.

घरी बातमी सांगितली तेव्हा आई पोळपाट तसाच टाकून बाहेर आली. "व्यसनी? तू?"

"एकतीस जणांतून, आई."

"शेजारच्या काकूंच्या मुलीने भरला होता ना अर्ज?"

"प्रतीक्षा यादीत आहे."

आईने मला जवळ घेतलं. मग एकदम कडक आवाजात म्हणाली, "पण हे बघ, अभ्यास सांभाळून व्यसन. वार्षिक परीक्षेत मार्क कमी पडले तर खबरदार."

संमतिपत्रावर बाबांची सही हवी होती, आणि सोबत पालकांचं घोषणापत्रही होतं: 'आमच्या घरात तंबाखूला थारा नाही.' बाबा बाल्कनीत होते. ते सिगारेट ओढत नाहीत, ते बाल्कनीत जाऊन विचार करतात (दिवसाला सात विचार, सुट्टीच्या दिवशी दहा). त्यांनी विचार डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताने दोन्हीकडे सही केली. घोषणापत्रावर थोडी राख पडली, ती फुंकून टाकली. त्यात खोटं काहीच नव्हतं. बाल्कनी घरात धरत नाहीत, घराबाहेर धरतात. तशी घोषणापत्रं सहाशे बारा आली. ती वर्गवार लावायचं काम माझ्याकडे होतं.

आता थोडं शाळेच्या दुसऱ्या एका यशाबद्दल सांगायला हवं, कारण ते याच गोष्टीत पुढे येणार आहे.

दोन वर्षांपूर्वी सहामाहीचा पेपर कोणीतरी पेनड्राईव्हवर घालून फोडला होता. तेव्हापासून वर्गात पेनड्राईव्ह आणायला बंदी आहे. सापडला की पीटीचे सर जप्त करतात, त्यावर नाव आणि क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवतात आणि तपासणीसाठी ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावतात. जप्तीचा आलेख असा: पहिल्या वर्षी सात, मागच्या वर्षी एकोणीस, यंदा आतापर्यंत त्रेचाळीस. एका वेळी इतके लावता यावेत म्हणून सरांनी बारा तोंडांची पट्टी मागवून घेतली.

सरांच्या वहीतला शेरा दर वेळी तोच असतो: 'उघडून पाहिला. आत काही आढळले नाही. दिवा मात्र लागतो.' त्रेचाळीसपैकी एकाही पेनड्राईव्हमध्ये आक्षेपार्ह मजकूर सापडलेला नाही, याचा सरांना फार अभिमान आहे. दिवसभर लावून ठेवून शाळा सुटताना ते प्रत्येकाला आपापला परत देतात, फडक्याने पुसून. ऑफिसात अलीकडे टरबूज, स्ट्रॉबेरी आणि पुदिना यांचा मंद सुवास असतो. त्याचं श्रेय नव्या फिनेलला देण्यात आलं आहे.

(बाहेर काही लोक या वस्तूला वेप म्हणतात. आतल्या निकोटिनच्या पाण्याची वाफ करून ती ओढतात, आणि निकोटिन मुळात तंबाखूतूनच येतं. पण हे खात्याच्या फॉर्मवर कुठेही नाही, त्यामुळे आम्ही त्यात पडत नाही.)

सात, एकोणीस, त्रेचाळीस, हा चढता आकडा शाळेने वाया घालवला नाही. वार्षिक अहवालात तो 'डिजिटल साक्षरता' या मथळ्याखाली घातला. त्यात आम्ही विभागात पहिले आलो. बाईंच्या खोलीत त्याचा चषक आहे.

तर. समारंभाच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत मी जिन्यावर खोकल्याचा सराव करत होते. (पीटीच्या सरांनी बसवून दिला होता: दोन छोटे, एक मोठा, मग हात छातीवर.) तेवढ्यात लांबुडी येऊन शेजारी बसली. लांबुडी माझ्या बाकावरची. आमच्या रिले संघात शेवटचे चारशे मीटर तीच धावते, म्हणजे मागचे तिघं जे घालवतात ते भरून काढायचं काम तिचं. गेल्या महिन्यातल्या निवड-शर्यतीत मात्र ती तीनशेला थांबली होती. पायात गोळा आला म्हणाली. सरांनी तिला आणखी एक संधी दिली होती, समारंभानंतर पाच आठवड्यांनी, आंतरशालेय स्पर्धेत. तिथे थांबली तर संघातून बाहेर.

"ए," ती म्हणाली, "तुझी ती व्यसनाची जागा… अजून एखादी निघेल का गं?"

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"मग अर्ज नाही का करायचा?"

"केला होता. मुलाखतीत नापास झाले. काय ओढतेस विचारलं, मी खरं ते सांगितलं. सर म्हणाले, विषयाला धरून बोल."

मी हसले. ती हसली नाही. मग मोज्यात बोट घालून तिने हळूच वर काढून दाखवला. पेनड्राईव्ह क्रमांक सतरा. टरबूज.

"गोळा पायात नव्हता," ती म्हणाली. "छातीत होता. जीव घाबरा झाला माझा, तीनशेच्या खुणेपाशी."

"मग सोड की!"

"सोड की म्हणे! दोनदा सोडून बघितली. दुसऱ्या तासाला हात थरथरतात. तिसऱ्या तासाला मी काहीही कारण नसताना शेजारणीवर खेकसते, म्हणजे तुझ्यावर. आणि दोन्ही वेळा मी ती मुद्दाम सरांना जप्त करू दिली होती, सुटायला. शाळा सुटताना सर स्वतः आणून देतात गं! फुल्ल चार्ज करून! वर म्हणतात, बाळ, वस्तू सांभाळायला शीक."

ती हे सांगता सांगता हसायला लागली, आणि मग मीही, आणि आम्ही दोघी जिन्यावर इतक्या हसलो की खालून शिपाईकाका बघायला आले. हसता हसता तिला खोकला आला. दोन छोटे, एक मोठा. माझ्यापेक्षा कितीतरी सरस होता, आणि तिला कोणी बसवून दिला नव्हता.

"त्या दवाखान्यातल्या ताई उद्या येणारेत ना," डोळे पुसत ती म्हणाली, "दर गुरुवारी, एक तास, तिकडे दवाखान्यात व्यसन सोडायला मदत करतात त्या… ते फक्त तुलाच?"

"कागदावर सोडणारी एकच आहे ना. म्हणून एकच खुर्ची."

"तू त्यांना काय सांगणार गुरुवारी?"

मी विचार केला. चिरुटाबद्दल माझ्याकडे तासभर बोलण्यासारखं खरोखरच काही नव्हतं.

समारंभाचा दिवस. पडदा, फुलदाणी, पाण्याच्या बाटल्या, बाईंची ठेवणीतली साडी. खात्याचे साहेब मधल्या खुर्चीत. एका टोकाला दवाखान्याच्या ताई, मांडीवर रिकामी वही घेऊन. अकरा वीसला माझं नाव पुकारलं गेलं. मी स्टेजवर गेले, खोकले (टाळ्या पडल्या), आणि भाषणाचा कागद काढला. साडेतीन पानांचं भाषण होतं. त्यात 'चिरुटाच्या धुरात हरवलेलं माझं बालपण' असं एक वाक्य होतं, जे मला आजही आवडतं. ते म्हणायला मिळालं नाही याचं दुःख आहे. पण समोर तिसऱ्या रांगेत लांबुडी बसली होती, हाताची बोटं मांडीखाली दाबून. दुसरा तास चालू होता.

मी कागदाची घडी घातली. "साहेब," मी म्हणाले, "मला काहीच सोडायचं नाहीये. माझी जागा मी हिला देते. ही खरी आहे."

लांबुडी उभी राहिली तेव्हा मला कळलं की ती किती लांब आहे. ती स्टेजवर आली. तिने मोज्यातून पेनड्राईव्ह क्रमांक सतरा काढला, साहेबांपुढच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मी हे ओढते. दोन वर्षं. मला सोडायचंय, पण जमत नाहीये."

"अगं, तो पेनड्राईव्ह आहे!" पीटीचे सर जागेवरूनच ओरडले. "मी स्वतः तपासलाय!"

मग लांबुडीने तो ओठांना लावला, एकदाच, आणि साहेबांच्या डोक्यावर एक गोल, गुलाबी, टरबुजाचा ढग तरंगत राहिला.

साहेबांनी वर बघितलं. खोल श्वास घेतला. "फिनेल छान आहे हो तुमचं," ते बाईंना म्हणाले. आणि का कोण जाणे, त्यांचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. त्या खिशाला आतून एक निळा दिवा लुकलुकत होता. मोठ्या क्षमतेचा असावा.

मागच्या रांगेत गणिताच्या सरांनी हळू आवाजात हिशोब मांडला. दोनातून एक गेली, एक आली, घट शून्य. जप्तीतले सगळे धरले तर… इथे बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की त्यांनी उरलेला हिशोब गिळला. बाई माइकपाशी आल्या. अशा वेळी माणसाची पारख होते.

"आमच्या या विद्यार्थिनीने," बाई म्हणाल्या, "कोणीही जप्त केलेला नसताना, स्वतःहून आपला पेनड्राईव्ह जमा केला आहे! डिजिटल शिस्तीचं याहून मोठं उदाहरण कुठलं?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लांबुडीला प्रशस्तिपत्र मिळालं. मी चिरूट सोडल्याची नोंद झाली. शाळेला ढाल मिळाली. पीटीच्या सरांनी क्रमांक सतरा उचलला, पुसला आणि सवयीने पट्टीला लावायला निघाले, तेव्हा दवाखान्याच्या ताई उठल्या, त्यांनी तो सरांच्या हातातून शांतपणे काढून घेतला आणि आपल्या पर्समध्ये टाकला. मग आम्हा दोघींपाशी येऊन विचारलं, "माझ्या वहीत एकच नाव आहे. गुरुवारी कोण येतंय?"

"नाव माझं," मी म्हणाले. "माणूस ही."

ताईंनी चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. "चालेल," त्या म्हणाल्या. "नाव काही ओढत नाही."

तेव्हापासून दर गुरुवारी लांबुडी माझ्या नावाने जाते. पहिल्या आठवड्यात ती माझ्यावर नऊ वेळा खेकसली (मी नोंद ठेवली आहे), दुसऱ्यात एकदा पुन्हा ओढली आणि रडली, तिसऱ्यात चार वेळा खेकसली, चौथ्यात एकदाच, आणि तेव्हा चूक माझी होती. आंतरशालेय स्पर्धेत तिच्या हातात बॅटन आलं तेव्हा आम्ही सहावे होतो. मी तीनशेच्या खुणेपाशीच उभी होते. ती माझ्यासमोरून गेली, चेहरा बीटासारखा लाल, तोंड उघडं, आणि थांबली नाही! आम्ही तिसरे आलो. मी इतकी ओरडले की मला खराखुरा खोकला झाला.

आता अडचण अशी आहे, की बातमी फुटली. माझ्या नावावर सध्या अकरा जण सोडतायत. गुरुवारी दवाखान्याबाहेर रांग असते आणि ताई पुकारतात तेव्हा माझ्या नावाला अकरा आवाज 'हजर' म्हणतात. त्यात एक आवाज जाड आहे. तो बाबांचा. ते म्हणतात, मी फक्त सोडायला आलो होतो, मुलांना. जागतिक पातळीवर एवढ्या वेळा चिरूट सोडणारी दुसरी मुलगी नसेल. उरलेले तेहतीस अजून पट्टीला आहेत, आणि सरांचा शेरा अजून तोच आहे.

आणि तुम्ही आत्ता खूप हसलात, हे मला माहीत आहे. पीटीच्या सरांना विशेष. एवढा मोठा माणूस, आणि हातात धरूनही कळू नये?

तुमचं घोषणापत्र मी पाहिलंय. अक्षर छान आहे. 'थारा नाही' खाली दोन रेघा मारल्या आहेत तुम्ही. आज सकाळी फोन चार्जिंगला लावायला गेलात, तेव्हा प्लगला काहीतरी छोटंसं आधीच लावलेलं होतं. दिवा लागला होता. तुम्ही ते काढून बाजूला ठेवलंत. दार उघडून कोणीतरी घाईघाईने ओरडलं, "माझा पेनड्राईव्ह कुठेय?", तेव्हा शोधून हातात दिलात आणि म्हणालात, बाळ, वस्तू सांभाळायला शीक.

पुसूनसुद्धा दिलात.